साडूंची दुनळी

जगात ज्या गोष्टी अजून नीट चालल्या आहेत, त्या केवळ आमच्या साडूंचा हात त्यांना लागलेला नाही म्हणून चालल्या आहेत, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाशिक रोडला एका छापखान्यात त्यांनी उभा जन्म छापून आलेल्या कागदांतल्या चुका शोधण्याची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर तेच काम नातेवाइकांवर सुरू ठेवलं. आमच्याकडे आले की चपला काढायच्या आधी ते दाराची चौकट तिरकी असल्याचं सांगत. नुसती चूक दाखवून गप्प बसते तरी मी माफ केलं असतं. पण ते ती स्वतः दुरुस्तही करत. आमच्या मिक्सरची घरघर त्यांनी एका दुपारी कायमची थांबवली. मिक्सरसकट.

आमचे सासरे निफाडचे द्राक्षबागाईतदार. ते गेले आणि मागे राहिल्या सासूबाई, बाग आणि बारा बोअरची एक जुनी विलायती दुनळी बंदूक. घरात मुलगा नव्हता, तेव्हा रीतसर अर्जविनंत्या होऊन बंदूक आणि तिचा परवाना थोरल्या जावयाच्या नावावर झाला. मला सासऱ्यांचा रेनकोट मिळाला. तेव्हा या लिखाणात कुठे मत्सराचा वास आला तर तो आहेच, उगाच हुंगत बसू नका.

बंदूक म्हातारी होती. नळ्यांवर तांबूस डाग पडलेले, लाकडी दस्त्यावर चरे आणि पोचे. पण चापाच्या वर दोन्ही बाजूंच्या लोखंडावर एकेक तितर कोरलेला होता, इतका नाजूक की पिसं मोजावीत. साडूंनी "आठ दिवसांत नवी करून देतो" असं जाहीर केलं आणि पॉलिश पेपर घेऊन बसले. पहिल्या रविवारी मी गेलो तेव्हा उजव्या तितराचं कोंबडीचं पिल्लू झालं होतं. पुढच्या रविवारी त्याचं अंडं झालं, आणि त्यानंतर तिथे आरसा उरला. त्यात स्वतःचं तोंड बघत ते म्हणाले, "बघा साडूभाऊ, डाग दिसतो का एक तरी?" डाव्या तितराचीही हीच गत. दस्त्याला त्यांनी हॉटेलातल्या टेबलासारखं चकचकीत व्हार्निश फासलं आणि मोठ्या डौलात बंदूक निफाडला न्यायला काढली. गाडी मी चालवली. फजिती बघायची होती, खोटं कशाला बोलू.

सासूबाईंनी बंदूक मांडीवर घेतली, उलटीसुलटी केली आणि परत दिली.

"चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पण यांची कुठं हाय?"

"आई, हीच ती."

त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं, मान हलवली आणि चहा टाकायला आत गेल्या. परतताना साडू निफाडपासून घरापर्यंत बंदूक मांडीवर घेऊन तितराच्या जागेवरून अंगठा फिरवत होते. मला हसू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही, याचाही मला त्यांच्यावरच राग आला.

जुन्या नाशकातल्या एका बोळात बंदुका दुरुस्त करायचा परवाना असलेले एक वृद्ध कारागीर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. साडूंनी बंदूक त्यांच्यापुढे ठेवली. चाचांनी चष्मा वर केला, बोटाने ते गुळगुळीत लोखंड चाचपलं आणि विचारलं, "साहेब, बंदूक घासली का पातेलं?" मग चाचा म्हणाले, "तितर तो गया. जो गया वो गया. बाकीचं होईल. पण मैं नहीं करूंगा. ज्यानं बिघडवलं त्यानं करायचं. बैठो." आणि वयाची साठी ओलांडलेले, आयुष्यात कुणाचं न ऐकलेले आमचे साडू तिथल्या बुटक्या स्टुलावर बसले. ते दोन वर्षं उठले नाहीत.

या दोन वर्षांत आम्हां नातेवाइकांचे जे हाल झाले ते कुठल्या शत्रूचे होऊ नयेत. चाचांनी आधी त्यांना फक्त स्क्रू शिकवले. जुन्या बंदुकीचा प्रत्येक स्क्रू आपल्याच भोकात बसतो, दुसऱ्याच्या नाही. आणि सगळे आवळून झाले की त्यांच्या डोक्यावरच्या खाचा एका रेषेत दिसल्या पाहिजेत. झालं. साडूंनी आमच्या घरातल्या यच्चयावत स्विचबोर्डांच्या स्क्रूंच्या खाचा उभ्या रेषेत आणल्या. माझ्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाच्या खुर्चीमागे कोण वाकलंय म्हणून पाहिलं, तर स्क्रूड्रायव्हर घेऊन हे.

मग नळ्या शिकले. दोन नळ्यांचा जोड पक्का आहे का हे बघायला त्या दोरीला टांगून बोटाने ठोकतात. घंटेसारखा नाद आला तर जोड चांगला, बद्द आवाज आला तर सुटलेला. त्या दिवसापासून साडू दिसेल ते ठोकू लागले. कलिंगड, पिठाचा डबा, एकदा माझी पाठसुद्धा. "आवाज बद्द येतोय तुमचा," असं सांगून त्यांनी मला डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांना काहीही सापडलं नाही, हे मी सर्वांना आवर्जून सांगितलं.

सगळ्यात कहर केला तो दस्त्याने. व्हार्निश खरवडून काढलं. ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री फिरवली की दबलेलं लाकूड फुगून पोचे भरून येतात, म्हणून मेहुणीची इस्त्री बोळात गेली ती गेलीच. मग जवसाचं तेल. रोज थेंबभर घ्यायचं आणि तळव्याने चोळत राहायचं, लाकूड गरम होईपर्यंत. असं महिनोन्‌महिने. साडू जवळ येऊन बसले की पंगतीतली माणसं जवसाची चटणी शोधू लागत. आणि एवढं करून, जो गंज घालवायला हे गृहस्थ निघाले होते, तोच नळ्यांवर मुद्दाम चढवायचा, नळ्या पाण्यात उकळायच्या, गंज पुसायचा आणि पुन्हा चढवायचा. असं दहा-बारा वेळा केलं की काळानिळा रंग धरतो. "गंजसुद्धा रीतीने यावा लागतो, साडूभाऊ," असं ते मला गंभीरपणे सांगत.

शेवटी बंदूक झाली. पुन्हा निफाड, पुन्हा मीच गाडीवर. या खेपेला साडूंनी बंदूक सासूबाईंपुढे धरली आणि बाजूला उभे राहिले. तितरांची जागा रिकामीच होती, स्वच्छ पुसलेली. सासूबाईंनी दस्त्यावरून हात फिरवला. जिथे सासरे गाल टेकवत तिथे लाकूड जरा खोलगट झालं होतं. तेवढं साडूंनी भरलं नव्हतं. सासूबाईंचा हात तिथे थांबला. बराच वेळ त्यांनी तो उचलला नाही. मग म्हणाल्या, "दोघंबी जेवून जा."

त्यानंतर काही महिन्यांतच चाचांची नजर पार गेली. मुलाला या धंद्यात रस नव्हता. त्यांनी परवाना परत केला, दुकानाला कुलूप लावलं आणि ते मुलीकडे मालेगावला राहायला गेले. आमच्या साडूंपाशी आता विद्या आहे आणि बंदूक एकच आहे, तीही पुरी झालेली. परवान्याशिवाय दुसऱ्याच्या बंदुकीला हात लावायचा नाही, आणि या वयात नवा परवाना कोण देणार? हल्ली ते गॅलरीत बसतात. आमच्याकडे येतात, चहा पितात, जातात.

परवा मी घरातला जेवायचा सागवानी पाट पिशवीत घालून त्यांच्याकडे नेला.

"याला जरा बघा," मी म्हणालो. "पार खराब झालाय."

त्यांनी पाटावरून तळवा फिरवला. "चांगला आहे की."

"नाही हो. खराब झालाय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी गॅलरीबाहेर बघू लागलो.

"ठेवून जा," ते म्हणाले. "महिना लागेल. घाई करायची नाही."

घरात तसे अजून पाच पाट आहेत. पुरवून पुरवून न्यावे लागतील.