चाप ओढल्यानंतर

डिसेंबरमधल्या एका शनिवारी, विस्कॉन्सिनच्या जंगलात, सार्जंट डेल हॅल्व्हरसन गेले. बंदूक त्यांची होती. बार त्यांनी भरला होता. चाप त्यांनी ओढला. मी शेजारी बसलो होतो.

शेरीफच्या माणसाने रिपोर्टमध्ये ‘ऑपरेटर एरर’ असं लिहिलं. चालवणाऱ्याची चूक. अंत्यविधीनंतर त्यांच्या पत्नीने, रूथने, मला बाजूला घेऊन विचारलं, “डेल निष्काळजी होता का?”

मी पुण्याहून एमएस करायला आलो आणि नोकरी शोधण्याऐवजी अमेरिकन आर्मीत गेलो; तेव्हा काही भाषा येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनाही ते घेत. नेपरव्हिलच्या शैलामावशी अजूनही लोकांना सांगतात, की मी ‘डिफेन्समध्ये आयटी’ करत होतो. पहिलं पोस्टिंग अलास्का. हॅल्व्हरसन माझे स्क्वॉड लीडर. माझ्या रकसॅकमध्ये पुस्तक सापडलं त्या दिवसापासून त्यांनी मला प्रोफेसर म्हणायला सुरुवात केली.

अलास्कात त्यांनी आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, रायफल तंबूत आणायची नाही. उबेत आणली की थंड लोखंडावर दव धरतं, बाहेर नेली की त्याचा बर्फ होतो आणि बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, अडकतो. म्हणून माणसं आत झोपायची, रायफली बाहेर बर्फात. दुसरी, चाप ओढल्यावर नुसतंच ‘खट्’ झालं, तर थांबायचं नाही. मॅगझिनवर थाप, बोल्ट मागे, पुन्हा नेम. याला इमिजिएट ॲक्शन म्हणतात. रेंजवर ते आमच्या मॅगझिनमध्ये गुपचूप खोट्या गोळ्या घालून ठेवायचे. कधी ‘खट्’ होईल सांगता यायचं नाही. मी एकदा रायफलीकडे बघत राहिलो, तर त्यांनी हेल्मेटवर टपली मारली.

“काय करतोयस?”

“विचार, सार्जंट.”

“विचार केलास की मेलास. ते काम हाताला करू दे.”

बोटांची सालं निघेपर्यंत आम्ही ते केलं.

पुढे अफगाणिस्तानात, एका डोंगरातल्या पोस्टवर, पहाटे हल्ला झाला. भिंत ओलांडून एक माणूस माझ्या समोर आला. मी चाप ओढला. खट्. नंतर काय झालं ते मला आठवतं, पण मी ते केल्याचं आठवत नाही. हातांनी केलं. तो माणूस पडला आणि मी उभा राहिलो. हॅल्व्हरसन मागून येऊन इतकंच म्हणाले, “गुड. रीलोड.”

सगळे आर्मीतून बाहेर पडल्यावर हॅल्व्हरसन, ओर्टिझ आणि मी दर हिवाळ्यात शिकारीला जमायचो. ओर्टिझ आमचा मशीनगनर, आता ट्रक चालवतो. मी हरणावर कधीच गोळी झाडली नाही. मी शेजारी बसायला जायचो.

तो ठासणीच्या बंदुकांचा सीझन होता. या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडाकडून ठासायची, मागच्या बाजूने बोल्टखाली पितळेच्या छोट्या तुकड्यात प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टिकली, बसवायचा. पूर्वी यात काळी दारू घालत. ती ठिणगीने पेटते, पण धूर फार, आणि दर बारानंतर नळी धुवावी लागते. हॅल्व्हरसननी त्या वर्षी मुद्दाम बिनधुराच्या दारूसाठी बनवलेली बंदूक घेतली होती. साध्या ठासणीच्या बंदुकीत ही दारू घातली तर नळी फुटते. यांच्या बंदुकीला तो धोका नव्हता. ऑगस्टच्या उन्हात रेंजवर बसून त्यांनी तिच्या दारूचं माप आणि नेम बसवला होता. टार्गेटचा कागद ते पाकिटात घेऊन फिरत. तीन गोळ्यांची तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली.

शुक्रवारी संध्याकाळी केबिनमध्ये मी म्हणालो, “सार्जंट, ही दारू पेटायला जड असते. कडाक्याच्या थंडीत प्रायमरची आग कमी पडते, असं वाचलंय. कधी उशिरा पेटते.”

“ओर्टिझ, प्रोफेसरने वाचलंय.”

“मग आपण उपाशी मरणार,” ओर्टिझ म्हणाला.

“ऑगस्टमध्ये एकदाही चुकली नाही.”

“ऑगस्टमध्ये मीसुद्धा चुकत नाही, सार्जंट,” मी म्हणालो.

ते हसले. माझ्या ताटात बटाटे वाढले. मग प्रायमर काढलेली, बार भरलेली बंदूक त्यांनी नेहमीप्रमाणे बाहेर पोर्चवर ठेवली. आत आणायची नाही. रात्री पारा शून्याच्या बराच खाली गेला. दारू त्या लोखंडात रात्रभर गारठत राहिली.

सकाळी हॅल्व्हरसन आणि मी ब्लाइंडमध्ये, शिकाऱ्यांच्या लपायच्या आडोशात, बसलो. ओर्टिझ रस्त्यावर ट्रकपाशी, रेडिओ घेऊन. उजाडल्यावर झाडांच्या कडेला हरणाचा एक नर आला. मोठी शिंगं. हॅल्व्हरसननी प्रायमर बसवला, श्वास सोडला, चाप ओढला.

खट्.

ठासणीच्या बंदुकीचा नियम साधा आहे. खट् झालं तर नळी समोर धरायची आणि थांबायचं, कारण आत दारू धुमसत असू शकते. हा नियम त्यांना माहीत होता. ओर्टिझच्या पोराला त्यांनीच शिकवला होता.

त्यांचा हात आधी जिथे मॅगझिन नव्हतं तिथे आपटला, मग बोल्टवर गेला. बोल्ट मागे आला. आणि बार पेटला.

नळीचं तोंड खाली झुकलं होतं. गोळी बर्फात गेली. प्रायमरचा पितळी तुकडा उघड्या बोल्टमधून मागे आला आणि त्यांच्या उजव्या डोळ्यातून आत गेला.

“ओर्टिझ, सार्जंट डाऊन.”

“से अगेन?”

“सार्जंट डाऊन. हेड. ॲम्ब्युलन्स बोलाव, ट्रक आण.”

“कोणी मारलं?”

“ट्रक आण.”

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. जखम बांधली, पण बांधून थांबण्यासारखं ते नव्हतं. त्यांचा डावा डोळा उघडा होता.

“लागली?” त्यांनी विचारलं.

मी मान वर केली. नर तिथेच उभा होता, आमच्याकडे बघत. मग सावकाश, न घाबरता, झाडांत गेला.

“लागली, सार्जंट.”

“गुड,” ते म्हणाले. ट्रक पोहोचला तेव्हा ते नव्हते.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर मी रूथकडे गेलो. तिने कॉफी केली. मी तिला अलास्का सांगितलं, खोट्या गोळ्या सांगितल्या, पोस्टवरची ती पहाट सांगितली. बंदूक थंडीत ठेवणं आर्मीत बरोबर होतं. खट् झाल्यावर न थांबणं आर्मीत बरोबर होतं. “ते निष्काळजी नव्हते, रूथ. त्यांनी विचार केला असता तर वाचले असते. विचार करायचा नाही, हे त्यांनी आयुष्यभर स्वतःलाही शिकवलं होतं.”

तिने कप खाली ठेवला.

“म्हणजे ज्याने तू वाचलास, त्यानेच तो गेला.”

“हो.”

“हे तू मला सांगायला नको होतंस,” ती म्हणाली. मग उठून तिने माझा कोट आणून दिला. त्यानंतर तिने माझे फोन घेतले नाहीत.

ओर्टिझ शिकारीला जात नाही. रिपोर्टमध्ये अजून तेच दोन शब्द आहेत. मी बंदूक ठेवलेली नाही. पण परवा कडाक्याच्या थंडीत गॅरेजमध्ये गाडीची चावी फिरवली, नुसतंच खट् झालं, आणि माझा हात मी सांगण्याआधी थाप मारायला उठला. हॅल्व्हरसननी शिकवलेलं एवढंच आता शिल्लक आहे, आणि ते माझ्या हातात आहे.