हात मांडीवर

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते समोरून, राँग साइडने, हॉर्न न देता अंगावर येतात. मी जळगावची. बायकांना स्कूटी शिकवायचा क्लास काढायचा, म्हणून धुळ्याला ट्रेनरचा कोर्स केला. त्यातलेच हे दोन-चार. ऐकणारे हसतात. मी मात्र सांगतानाही खुर्ची धरून बसते.

*

पहिल्याच दिवशी देवरे सरांनी विचारलं, "कार शिकवणाऱ्याच्या पायाखाली स्वतःचा ब्रेक असतो. स्कूटीवर तुम्ही मागे बसणार. तुमच्याकडे काय असणार?"

"मारुतीराया," माझ्या शेजारी बसलेली सोनगीरची सुमनअक्का म्हणाली.

"आणि तोंड," सर म्हणाले. "फक्त तोंडाने शिकवायचं. हात मांडीवर. तुम्ही पुढे हात घातला, की शिकणारी घाबरून स्वतःचे दोन्ही सोडते. परीक्षेत हात पुढे गेला, की नापास."

मागे बसायची मला पहिल्यापासून धास्ती. नवरा चालवत असला तरी माझा उजवा पाय हवेत ब्रेक मारत असतो! आणि इकडे क्लासचा बोर्ड तर रंगवून तयार. सासूबाईंनी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. म्हणाल्या, "आधी पास हो, मग लाव."

*

माझी पहिली शिकाऊ म्हणजे एका शाळेतल्या बाई. मैदानाला एक फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत मी म्हटलं, "मॅडम, जरा हळू."

त्यांनी चालत्या गाडीवर अख्खी मान मागे वळवली आणि अदबीने विचारलं, "काय म्हणालात?"

समोर म्हैस.

मी किंचाळले आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. त्यांनी लगेच सोडलं. म्हैस शहाणी, तीच बाजूला झाली. गाडी थांबली. बाई शांतपणे म्हणतात, "बोलणाऱ्याकडे पाठ करू नये, असं मीच मुलांना शिकवते हो."

सर लांबून बघत होते. "आज परीक्षा असती तर?" एवढंच म्हणाले.

*

सुमनअक्का मात्र वेगळ्याच मातीची. तिच्याकडे एक नवी सून शिकायला आली होती. एकदा समोरून तिचे सासरे चालत आले. पोरीने पदर घ्यायला हँडलवरचा हात सोडला. गाडी निघाली गटाराकडे. मी लांबूनच डोळे मिटून घेतले.

अक्काने मागून पदर उचलला, पोरीच्या डोक्यावर ओढला आणि तसाच धरून ठेवला. "पदर मी देखस, तू रस्ता देख!"

गाडी सासऱ्यांच्या शेजारून सरळ निघून गेली. खाली उतरल्यावर अक्का सरांना म्हणते, "हात मांडीवर नव्हते, पण हँडलवरबी नव्हते ना, सर?"



*

सुट्टीला घरी आले, की मी नवऱ्याच्या मागे बसून सराव करायची. जळगावच्या बाजारात आमचे हे दोन रिक्षांच्या मधून गाडी काढतात. मी हात मांडीवर दाबून, दात आवळून बसले. घरी येऊन बघते तर मांडीवर नखांचे वळ उठलेले.

नवरा काळजीने म्हणाला, "आज रस्ताभर एक शब्द बोलली नाहीस. डॉक्टरकडे जायचं का?"

*

मग आली परीक्षा. सर स्वतः शिकाऊ होऊन पुढे बसणार. आधीच बजावलं होतं, "मी मुद्दाम चुकणार. तुम्हाला फसवणार. तुम्ही फक्त बोलायचं."

निघालो. सरांनी गाडी नागमोडी घातली. मी म्हटलं, "नजर लांब ठेवा." मध्येच पाय खाली सोडले. मी म्हटलं, "पाय वर." जीव मुठीत होता, पण आवाज सरळ निघत होता. मला स्वतःचंच नवल वाटलं.

मैदानाच्या टोकाला कडब्याची गंजी होती. गाडी तिकडे वळली आणि वेग वाढला.

"ताई, ॲक्सिलरेटर अडकला!"

"काही अडकलेलं नाही. मनगट सैल सोडा."

"अहो खरंच अडकला! ब्रेकलाही ऐकत नाही!"

"ऐकेल. पहिल्यांदा सगळ्यांना असंच वाटतं."

"ताई, किल्ली फिरवा! किल्ली!"

किल्ली हँडलच्या खालीच होती. हात पुढे घालायला सांगतायत! काय फसवायची रीत, मी मनात म्हटलं. गंजी डोळ्यांपुढे मोठी मोठी होत होती, पण हात मांडीवरून हलवले नाहीत.

आम्ही गंजीत घुसलो. सर कंबरेपर्यंत कडब्यात, चष्मा कुठे गेला पत्ता नाही. मी त्यांच्या मागे, होते तशीच बसलेली. गाडी अजून कोकलत होती आणि मागचं चाक गरगर फिरत होतं.

"किल्ली..." सर कसेबसे म्हणाले.

मी म्हटलं, "सर, आधी पास म्हणा. मग हात लावते."