गडग्यावरची मिरची

आमच्या शेजारच्या काकांनी अंगणात रंगाच्या रिकाम्या डब्यांमधून लवंगी मिरची लावली आहे. नागावचा खारा वारा सुटला की ते एकेक डबा उचलून भिंतीच्या आडोशाला नेतात. मासळी धुतलेलं पाणी झाडांना घालतात. माणसांशी बोलणं मोजकंच: "हाय, हाय," नाहीतर "न्हाय, न्हाय."

मिरच्या मागितल्या की लगेच तोडून देतात, पण हातात कधीच देत नाहीत. मी ओंजळ पुढे केली तरी दोन अंगणांमधल्या बुटक्या दगडी गडग्यावर ठेवतात आणि दोन पावलं मागे सरतात. "उचला, ताई. हातात दिली की भांडण व्हतं." मला याचा रागच यायचा. मी काय एवढी भांडकुदळ आहे?

काकू दिवसभर पडवीत खुर्चीवर असतात. पूर्वी त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. डब्यांवरून, चहावरून, कशावरूनही त्या काकांशी भांडायच्या. अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली.

काल संध्याकाळी मी गडग्यावरच्या मिरच्या उचलत होते. काकांनी आणखी एक मिरची तोडली, चांगली लालभडक. ती घेऊन ते पडवीत गेले, काकूंच्या चांगल्या हातात ठेवली आणि त्यांची बोटं तिच्यावर हळूच मिटली.

"काका, हातात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"व्हय, व्हय. हिला रोज हातातच देतो."

मग ते पायरीवर बसले आणि काकूंच्या ओठांकडे बघत राहिले.