नाचऱ्याच्या घरट्याला साक्षीदार

पक्षी बघायला निघालेल्या माणसांना पक्षी थोडे दिसतात आणि किस्से फार. चौलमधल्या आमच्या चौकडीचंही तसंच. गुरुजी, म्हणजे निवृत्त शाळामास्तर आणि आमचे स्वयंघोषित अध्यक्ष. सलीमभाई, मस्कतची नोकरी संपवून आलेले. माझी बायको सुमन. आणि थर्मास धरायला मी. दर रविवारी सकाळी वाड्यांमधून निघून मागच्या डोंगराच्या रानापर्यंत जायचं.

* * *

गुरुजींचा नियम एकच. पक्षी दोघांनी पाहिला तरच वहीत पेनाने, साक्षीदाराच्या सहीसकट. एकट्याने पाहिला तर पेन्सिलने. वर्षाअखेरीपर्यंत साक्षीदार मिळाला नाही, तर खोडरबर!

एकदा गुरुजींनाच एकट्यांना स्वर्गीय नर्तक दिसला. लांब पांढऱ्या शेपटीचा, अगदी समोर. वर्षाअखेरीला त्यांनी स्वतःची नोंद स्वतः खोडली आणि वहीवर फुंकर मारली.

"अहो, तुमचा तुमच्यावर पण विश्वास नाही?" सुमनने विचारलं.

"माझ्यावर आहे. एकट्या माणसावर नाही!"

* * *

आमचा लाडका पक्षी नाचरा. चिमणीएवढा, काळपट राखी. पांढरी भुवई, पांढरा गळा, छातीवर पांढरे ठिपके. सलीमभाई म्हणायचे, "हा मस्कतच्या हॉटेलातला मॅनेजर वाटतो. सूट घालून नुसता इकडून तिकडे!"

शेपटीचा पंखा उघडायचा, मिटायचा, गिरकी घेऊन माशी पकडायची, शीळ घालायची आणि पुढच्या फांदीवर. बसणं माहीतच नाही. सलीमभाईंनी भारी कॅमेरा आणला, सकाळभर फोटो काढले. गुरुजींनी एकेक पाहिला.

"सलीमभाई, फांद्यांवर तुमचा चांगला हात बसलाय!"

* * *

मग वर्गीकरणाची भानगड झाली. आमचा ठिपकेवाला नाचरा जुन्या पुस्तकांत दुसऱ्याच एका नाचऱ्याची पोटजात होता. नव्या पुस्तकात तो स्वतंत्र जात ठरला. गुरुजी जुन्या सगळ्या नोंदी दुरुस्त करायला बसले.

"म्हणजे भावाभावांत वाटणी झाली," सलीमभाई म्हणाले. "मग वाडी कोणाकडे गेली?"

सुमन म्हणाली, "त्याला कोणी कळवलंय का? अजून जुन्याच नावाने नाचतोय बिचारा!"

* * *

एकदा आमच्याच वाडीत या बोटभर प्राण्याने भारद्वाजाला पळवून लावलं. एवढा मोठा भारद्वाज धडपडत केळीत घुसला, आणि हा वर शेपटी उघडून उभा!

सुमनने गुरुजींना सांगितलं, "याला म्हणतात घरधनी. नाहीतर आमचे हे. घरात मांजर शिरलं की पेपर आणखी वर धरतात."

* * *

पेपरची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. एका सकाळी सुमनला जायफळाच्या झाडावर नाचऱ्याचं घरटं दिसलं. कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेली वाटी, खाली लोंबणारं शेपूट, आत बसलेली मादी. घरट्याची नोंद वहीत एकही नव्हती! मी ओट्यावर बसलो होतो, तिने तीन हाका मारल्या. मी "आलो, आलो" म्हणालो. सलीमभाई रेवदंड्याला मासळी आणायला गेलेले, गुरुजी भाचीच्या लग्नाला माणगावात. दुपारी वारा सुटला आणि घरटं गेलं.

रविवारी गुरुजींनी वही उघडली. "साक्षीदार?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं.

मी खरं ते सांगितलं. "मी पेपर वाचत होतो."

नोंद पेन्सिलने झाली. मला दोन दिवस पिठलं.

* * *

त्याच वर्षी पावसाळ्यात सुमन गेली. आजार लहानसाच वाटला होता.

रविवार आम्ही तिघांनी चालू ठेवले. थर्मासमध्ये चहा चार कपांचाच व्हायचा, चौथा सलीमभाई पिऊन टाकायचे.

वर्ष संपलं. गुरुजी नेहमीसारखे वही आणि खोडरबर घेऊन आमच्या ओट्यावर आले. मी पेपर घडी करून बाजूला ठेवला. एकेक पेन्सिलची नोंद खोडत, फुंकर मारत ते पानं उलटत होते. जायफळावरच्या घरट्याचं पान आलं. मला म्हणायचं होतं, एवढी राहू द्या. पण गुरुजींना नियमाबाहेरचं काही मागायची कोणाची छाती होती?

त्यांनी खोडरबर खिशात टाकला. पेन काढलं. सुमनची ओळ शाईने गिरवली आणि साक्षीदाराच्या जागी स्वतःची लफ्फेदार सही ठोकली.

मी म्हणालो, "गुरुजी, त्या दिवशी तुम्ही माणगावात होतात!"

गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर पेपर वाचत होतात!"