दर तासाला एक रीडिंग

"सहा वाजता, नॉर्मल. सात वाजता, चहा अर्धा कप, बोलणे नाही. आठ वाजता, खोलीचे दार बंद. आठ वाजून दहा मिनिटे, एक सुस्कारा."

मी रजिस्टरचं पान उलटलं. पुढचं पानही तसंच होतं. त्याच्या पुढचंही. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर होतं. आत पट्टीनं रकाने आखलेले: वेळ, स्थिती, शेरा, सही. टेबलापलीकडे कापगते काका मांडीवर हेल्मेट ठेवून बसले होते. गृहपाठ तपासायला दिलेल्या मुलासारखे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"मॅडम, तुमी म्हणाल्या होत्या ना, पोरीची नोंद ठेवा. ठेवली."

"दर तासाला?"

"आमच्या पंप हाऊसात रीडिंग तासालेच घेतेत. त्याच्याहून लांब ठेवलं त काय समजन?"

"आणि तुम्ही ड्युटीवर असता तेव्हा?"

"तवा मिसेस घेते. मी स्कूटर काढाच्या आंधी चार्ज देतो. ती सही करते, मंग मी जातो."

मी सह्यांचा रकाना पाहिला. खरंच, रोज दोन सह्या होत्या. एक काकांची, इंग्रजीत, झोकदार. दुसरी काकूंची, मराठीत, पूर्ण नावानिशी.

मी भिलाईत, पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या एका छोट्या संस्थेत काम करते. कम्युनिटी काउन्सेलर असं माझ्या ओळखपत्रावर लिहिलेलं आहे. सेक्टरमधल्या एका हॉलच्या बाजूची खोली आम्हाला मिळाली आहे. तिथे शाळेतली मुलं आणि त्यांचे आईवडील येतात. मी डॉक्टर नाही, औषध देत नाही. मी ऐकते, विचारते, थोडं शिकवते आणि प्रकरण माझ्या आवाक्याबाहेरचं असेल तर वर पाठवते. वर म्हणजे आमच्या नायर मॅडम, सायकॉलॉजिस्ट. मी जवळच्याच उतई गावची. बाबा तिथे सायकली दुरुस्त करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझी आई शेजारी सांगते, "आमची पोरगी लोकांशी बोलते आन् त्याचा पगार भेटते." हे ती अभिमानानं सांगते की तक्रार म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

तर पूर्वा. काकांची एकुलती मुलगी, बारावीत. तीन आठवडे शाळेत गेली नव्हती. सकाळी गणवेश घालायची, चप्पल घालेपर्यंत पोट दुखायला लागायचं. डॉक्टरांनी सगळं तपासलं होतं, रिपोर्ट स्वच्छ होते. सोमवारपासून प्री-बोर्ड, म्हणजे बोर्डाच्या आधीची शाळेतली परीक्षा, सुरू होणार होती. वर्गशिक्षिका म्हणाल्या होत्या, निदान त्याला तरी बसली पाहिजे, नाहीतर यंदाचं वर्ष कठीण आहे. पूर्वा पोट दुखतं यापलीकडे कुणालाच काही सांगत नव्हती. मलाही नाही.

पहिल्या भेटीत मी पालकांना सांगितलं होतं, "घरी एक वही ठेवा. ती कधी बरी असते, कधी नसते, दोन ओळी लिहीत जा." आमच्याकडे याला मूड चार्ट म्हणतात. शंभर घरांत दिला तर बहुतेक ठिकाणी वही कोरी परत येते. पालक गृहपाठ करत नाहीत, एवढं मला शिकवलेलं होतं. जे करतात त्यांचं काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

काका गेल्यावर मी नायर मॅडमना रजिस्टरबद्दल सांगितलं. त्या आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

"तुमने पूछा था, वो प्लांट में करते क्या हैं?"

"नहीं, मॅडम."

"लड़की वैसे ही डर रही है कि सब उसको देख रहे हैं. अब सच में देख रहे हैं. लिखकर. घर जाओ, आज ही."

मी गेले. दार काकूंनी उघडलं. त्यांच्या कानावर पेन होता.

"या मॅडम. बसा. अकराचं बाकी हाय, घेऊन येते." त्या पूर्वाच्या दाराशी गेल्या, कान लावला, परत आल्या आणि लिहू लागल्या.

"काकू, राहू द्या."

"हे रागावतेत. रकाना खाली दिसला त इचारतेत, शिफ्टमध्ये झोपली होती का म्हनून."

मी आत पूर्वाकडे गेले. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे पाहून ती पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलली.

"दीदी, ये आपका आयडिया था ना? मी कूस बदलली तरी मम्मी लिहिते."

"हो, माझाच. चुकलं माझं. पप्पा पंप हाऊसमध्ये आहेत हे मी विचारलंच नव्हतं."

ती भिंतीपासून सरकून पुढे बसली. मोठी माणसं अशी चटकन चूक कबूल करतात, याची तिला सवय नसावी. मग मी आमच्या कामातला एक प्रश्न विचारला, जो मी कधीच गाळत नाही: स्वतःला काही इजा करावी असं मनात येतं का? तिनं सरळ सांगितलं, "नाही दीदी. फक्त असं वाटतं की कोणी काही विचारू नये." मला तिचं पटलं. तरी ते मी मॅडमना कळवलं.

तेवढ्यात काका बाहेरची कामं उरकून घरी आले. मी त्यांना म्हटलं की रजिस्टर आजपासून बंद.

"बंद कसं करता, मॅडम? लॉगबुक मधातच बंद नाई होत."

"का नाही?"

त्यांनी मला नियम सांगितले. पंप हाऊसमध्ये आठ तासांची पाळी संपली की जाणारा येणाऱ्याला, म्हणजे रिलिव्हरला, मशीनची जबाबदारी देतो. त्याला चार्ज म्हणतात. आठ तासांत जे घडलं ते लॉगबुकात लिहायचं. लिहिलेलं खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. आणि येणाऱ्यानं वाचून सही केल्याशिवाय चार्ज घ्यायचा नाही.

"आणि लिहितं कोण?" हा प्रश्न मागून आला. पूर्वा दारात उभी होती.

"ज्याची ड्युटी हाय तो."

"मग माझी पण आहे. मी तर चोवीस तास इथंच आहे. रिलिव्हर पण नाही मला."

काका माझ्याकडे वळले. "आता मशीनच आपलं रीडिंग लिवन का?"

"लिवू द्या न," काकू म्हणाल्या. त्यांनी कानावरचा पेन काढून पूर्वाला दिला. इतक्या लगबगीनं दिला की त्यांचीच सुटका झाल्यासारखं वाटलं.

मी एकच अट घातली. पूर्वाबद्दल आईवडिलांनी काही लिहायचं नाही. फक्त तिचं वाचायचं, वाटल्यास शेरा द्यायचा आणि सही करायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका रजिस्टर घेऊन माझ्या खोलीत हजर. चेहरा पडलेला.

"पहा, मॅडम."

मी वाचलं.

"दुपारी २:४०. पप्पा परत आले. प्रेशर जास्त. हेल्मेट जोरात ठेवले.

३:१०. पप्पा झोपले. आवाज पंपासारखा, न थांबता.

४:००. मम्मी फोनवर आत्याशी माझ्याबद्दल बोलत आहे. हळू बोलत आहे, म्हणून सगळे ऐकू येते.

५:००. मम्मीने शेजारी सांगितले की मला टायफॉइड आहे. मला टायफॉइड नाही."

घोरण्याच्या नोंदीसमोर, शेऱ्याच्या रकान्यात, काकांचं अक्षर होतं: "नोंद वाचली. खात्री करता आली नाही." खाली सही.

"राग आला?" मी विचारलं.

"आला. पन मॅडम, अक्षर पहा तिचं. तीन हप्त्यात पेन हातात धरला नव्हता पोट्टीनं."

रजिस्टर उचलून नेताना त्यांनी ते शर्टाच्या बाहीनं पुसलं.

शुक्रवारी पहाटे फोन वाजला. काकू होत्या. "मॅडम, हे ड्युटीवर गेले नाई अजून. रसोईत उभे हायेत रजिस्टर घेऊन. हे कधी लेट होत नाई."

पूर्वानं लाल पेनानं लिहिलं होतं. पंप हाऊसमध्ये लाल पेन फक्त बिघाडासाठी वापरतात. ती नोंद मी नंतर पाहिली. तीन आठवड्यांपूर्वी फिजिक्सची टेस्ट होती. पेपर हातात आल्यावर छाती धडधडायला लागली, बोटं सुन्न झाली, श्वास पुरेना. आपण आता मरणार असं वाटलं. ती उठून बाहेर पळाली, मागून वर्ग हसला. "परत होईल म्हणून भीती वाटते. पोट दुखते ते पण खरे आहे. नाटक नाही."

याला पॅनिक अटॅक म्हणतात. शरीराचा धोक्याचा भोंगा धोका नसताना वाजतो. भयंकर वाटतं, पण त्यानं माणूस मरत नाही आणि काही मिनिटांत तो आपोआप उतरतो. खरा त्रास नंतर सुरू होतो. माणूस ती जागाच टाळू लागतो, आणि जितकं टाळावं तितकी भीती मोठी होते.

काका त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा गेले. जाण्याआधी त्यांनी शेरा लिहिला: "वाचले. समजले. आधी समजले नव्हते." आणि सही. ती सही पहिल्यांदाच मराठीत होती.

पण लाल नोंदीखाली अजून एक ओळ होती. तिच्यावर त्यांनी सही केली नव्हती. त्यासाठी त्यांनी प्लांटमधूनच मला फोन केला.

"मॅडम, ती शटडाउन मागून राहिली. दोन दिवसाचं. कोनी काही इचारायचं नाई, जेवली का नाई, शाळेत कवा जाशील नाई. देऊ का?"

"काका, तुमच्याकडे शटडाउन कसं असतं?"

"मेंटेनन्सवाला येते, मशीन दुरुस्त करासाठी मागते. आमी स्विच बंद करतो, सही करतो. मंग त्यानं सोता परत देईपर्यंत कोनीच चालू करत नाई. जीएम आला तरी नाई."

"आणि मध्येच कुणी चालू केलं तर?"

"आतमधी माणूस असते न, मॅडम." मागे पंपांचा आवाज येत होता. "देतो. पन शटडाउन म्हनजे सुट्टी नाई. आतमधी काय काम करणार, ते लिवून द्या लागते."

हे मी नायर मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ये आदमी नौकरी ढूँढ रहा हो तो बताना." कारण आम्हालाही नेमकं तेच हवं होतं. नुसती विश्रांती दिली असती तर भीती आणखी मुरली असती.

काम पूर्वानं आणि मी मिळून लिहिलं. एक, भोंगा वाजला की श्वास सावकाश सोडायचा सराव. दोन, शनिवारी स्कूटरवर शाळेच्या गेटपर्यंत जाऊन परत. तीन, रविवारी शाळा रिकामी असताना वर्गापर्यंत जाऊन बाकावर दहा मिनिटं बसणं. वर्गशिक्षिकांशी मी बोलले. त्यांनी चौकीदाराला सांगून ठेवलं आणि परीक्षेत दाराजवळची जागा कबूल केली. गरज पडली तर पाच मिनिटं बाहेर जाऊन परत यायची मुभाही दिली.

शनिवारी गेटपर्यंतची फेरी झाली. पूर्वा मला म्हणाली, "पप्पा जाताना-येताना फक्त स्कूटरच्या क्लचबद्दल बोलले, दीदी. मला आता क्लचचं सगळं येते."

खरी परीक्षा रविवारी झाली, आणि ती काकांची. चरोद्याहून त्यांची मोठी बहीण लोकल पकडून आली. हातात डबा, डोळ्यांत चौकशी. मी सरावासाठी आले होते, त्यामुळे हे माझ्यासमोर घडलं.

काका फाटकातच आडवे उभे राहिले. "बाई, आज अंदर नाई जाता येत. शटडाउन हाय."

"कोनाचं? घराचं?"

"पूर्वाचं."

"अरे, मी तिची आत्या हाय. दोन शब्द समजावते तिले."

"तेच बंद हाय."

"मले फाटकातून वापस पाठवतं का रे, पर्भाकर?"

"वापस नाई. हे घे खुर्ची."

आत्याबाईंनी अंगणातल्या पेरूखाली बसून चहा घेतला, डबा दिला, भावाला तासभर ऐकवलं आणि निघाल्या. जाताना खिडकीकडे पाहून मोठ्यानं म्हणाल्या, "मी काहीच इचारलं नाई हो, पूर्वा. तुया बापानं इचारूच देलं नाई." आतून हसण्याचा आवाज आला. काका चटकन रजिस्टरकडे वळले, मग अट आठवून थांबले. संध्याकाळी पूर्वा रिकाम्या वर्गात दहा मिनिटं बाकावर बसून आली.

सोमवार सकाळची नोंद अशी आहे: "६:४०. शटडाउन परत केले. चार्ज घेतला. टिफिनमध्ये भेंडी नको." खाली काकांची सही. शेऱ्याच्या रकान्यात काकूंचं अक्षर: "भेंडी झाली आहे."

ती शाळेत गेली. पहिला पेपर इंग्रजीचा होता, सरळ गेला. गुरुवारी फिजिक्सला भोंगा वाजला. ती दोनदा बाहेर गेली आणि दोनदा परत आली. मार्क काठावरचे मिळाले. पूर्वानं ते रजिस्टरमध्ये लिहिले आणि काकांनी समोर शेरा दिला: "मशीन चालू." त्यानंतरही ती काही महिने माझ्याकडे येत राहिली. बोर्डाला बसली आणि पास झाली.

नावं मी बदलली आहेत. हे लिहायला पूर्वानं परवानगी दिली, रजिस्टरमध्येच, सहीसह.

केस फाइलमध्ये "वापरलेली पद्धत" असा रकाना असतो. तिथे मी "लॉगबुक" लिहिलं. नायर मॅडमनी ते खोडून योग्य शब्द लिहिला. मी त्यांना म्हटलं, लिहिलेलं खोडत नसतात.

आता नवीन पालक आले की मी मुलाबद्दल नंतर विचारते. आधी विचारते, "प्लांटमध्ये कुठे आहात?" पंप हाऊस म्हणाले की नोंद ठेवा हे शब्द तोंडातून काढत नाही. मागच्या महिन्यात एक गृहस्थ सेफ्टी डिपार्टमेंटचे निघाले. त्यांना पाणी दिलं, बसा म्हटलं, आणि काही सांगण्याआधी, यांना काय सांगायचं नाही ते मी मॅडमना विचारून आले.