सिंहाच्या तोंडातली कडी

आईला कमी ऐकू येतं, आणि ती राहते त्या आष्ट्यात लाइट गेली की दाराची बेल मुकी होते. म्हणून मी तिच्या दारासाठी तो सिंह आणला. साताऱ्यात घर सजवायच्या वस्तूंचं एक दुकान आहे, तिथं दिसला. पितळी तोंड, बटबटीत डोळे, फेंदारलेलं नाक आणि दातांत धरलेली जाडजूड कडी. दुकानदार सांगत होता, जुन्या काळी चीनमध्ये मोठमोठ्या दरवाजांवर अशी तोंडं असायची. पाहुण्यानं कडी आपटायची, आणि वाईट काही आलंच तर ते थोबाड बघून माघारी जायचं. मला मेलीला नुसता आवाज हवा होता. कडी आपटून बघितली तर दुकान दणाणलं. म्हटलं, बास, हाच द्या. आष्ट्याला नेऊन आईच्या दारावर मीच स्क्रू पिळून बसवला.

पुढच्या खेपेला गेले तर काय, सिंहाच्या कपाळाला हळदकुंकू आणि कडीत जास्वंदीचं फूल!

"आई, हे काय आता?"

"कीर्तिमुख हाय की गं. देवळाच्या उंबऱ्याला असतंय तसलं."

"अगं, चीनचा आहे तो!"

"आसंना. देव काय एका गावचा असतोय व्हय?"

मी पोट धरून हसले. गल्लीतल्या बायकाही जाता-येता त्याला हात जोडायला लागल्या होत्या. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवला. एकदा त्याचा देव झाला म्हणजे त्याच्या तोंडातली कडी आता कुणी वाजवणार नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

मग गेल्या पावसाळ्यात एका दुपारी शेजारच्या काकींचा फोन आला. "पोरी, घाबरू नगंस. आई मोरीत पडलीया. सांगलीला आणलंय दवाखान्यात." घाबरू नको म्हणे! एसटीत कशी बसले, कुठं उतरले, काही आठवत नाही.

खुबा मोडला होता. सकाळपासून ओल्या फरशीवर पडून अंग गारठलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करू, पण वय झालंय, काही सांगता येत नाही. बाहेर बाकड्यावर काकी बसल्या होत्या. सकाळपासून म्हणजे? मी त्यांना धारेवरच धरलं.

काकी रोज सकाळी आईला दूध आणून देतात. आमच्या गल्लीत उजाडलं की दारं उघडतात, ती दिवेलागणीपर्यंत उघडीच. दार लावलेलं दिसलं म्हणजे घरात कुणी नाही.

"हाका मारल्या की मी. वाटलं, मळ्यात गेली आसंल."

"आणि कडी? कडी का नाही वाजवली?"

"त्या देवाच्या तोंडातली?" काकी माझ्याकडं बघतच राहिल्या. "पारोशी हुते मी. आन् आंघोळ केली आसती तरी देवाच्या तोंडावर आपटायचं व्हय?"

दुपारी दूध तसंच उंबऱ्यावर दिसलं, तेव्हा काकी मागच्या बाजूला गेल्या आणि मोरीच्या झरोक्यातून कण्हणं ऐकू आलं. गल्लीतली माणसं गोळा झाली. पहार आणली.

"मग?"

काकींनी मान खाली घातली. "मग स्क्रू ड्रायव्हर आणला. आदी देव उतरवला. मग दार फोडलं."

"काय?" मी अशी ओरडले की नर्स धावत आली. "माझी आई आत मरायला टेकली होती, आणि तुम्ही स्क्रू काढत बसलात? डोकी फिरली होती काय सगळ्यांची?"

काकी पदरानं डोळे पुसत बसल्या. मी मोबाइलवर त्या मेल्या सिंहाबद्दल शोधायला लागले. एका ठिकाणी लिहिलं होतं, तो सिंह नाहीच, कुठलासा वेगळाच प्राणी आहे. त्याला शंखातल्या किड्यासारखं मिटून राहायला आवडतं, म्हणून त्याला दारावर बसवायचे. पुढचं वाचवेना, मोबाइल पिशवीत कोंबला.

ऑपरेशनला न्यायच्या आधी मला आत सोडलं. आई शुद्धीवर होती. माझा आरडाओरडा बाहेरून तिच्यासुद्धा कानावर गेलाच असणार, कारण पहिलं हेच बोलली, "काकीला काय बोलू नगंस."

"का नको? दार फोडायचं सोडून..."

"तिचा काय दोष न्हाई. पहारीचा पयला दणका बसला, तवा मीच आतनं वरडले. आदी त्येला उतरवा म्हणलं."

"आई! अगं, जीव चालला होता तुझा! देव एवढा मोठा?"

"देवाचं न्हवं गं," आई म्हणाली. तिचा श्वास लागत होता. "तू सोताच्या हातानं बशिवलेला. त्येला पोचा आला आसता, तर तू लय वरडली आसतीस."

खुबा मोडून ओल्या फरशीवर पडलेली माझी आई मला घाबरत होती. देवाला नाही, मरणाला नाही, मला. काहीतरी बोलायला हवं होतं. आयुष्यभर ज्या तोंडाचा पट्टा कधी थांबला नाही, त्या तोंडातून एक अक्षर फुटेना. स्ट्रेचर ढकलायला माणसं आली, तरी मी तशीच उभी.

आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि चाचरत विचारलं, "रागावलीस व्हय?"