खिचडीवाल्या मावशीने माफी मागितली नाही

चौफुलीवर कुणी लिंबू-नारळाचा उतारा ठेवलेला दिसला की अख्खं गाव वळसा घालून जायचं. आमच्या शाळेची खिचडीवाली मावशी मात्र त्यातला नारळ सरळ पिशवीत टाकायची. घरी चटणी करायची आणि मलाही आणून द्यायची. "नारयाले काय मालूम बाई, त्याले कोनासाठी ठेवलं थे?" राळेगाव तालुक्यातल्या त्या गावात मी नवी शिक्षिका होते, यवतमाळच्या नोकरदार घरातली. एवढी शिकलेली, तरी पहिल्या घासाला माझा हात अडखळला, हे कबूल करते.

मावशी एकटी, धिप्पाड आणि तोंडाने फटकळ. एवढ्यावर गावाने तिला चेटकीण ठरवून टाकलं होतं, अर्थात पाठीमागे. ती उलट फिरून म्हणायची, "तोंडावर म्हना ना, मले बी आयकू येऊ द्या!"

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मला मोबाइलवर सिनेमा काढायची हुक्की आली. गोष्ट गमतीची होती. तीन चेटकिणी, ज्यांचं चेटूक कधी लागतच नाही. आणि एसटीतून उतरलेला एक सैतान पाहुणा, जो त्यांना शक्ती देऊ करतो. थोरल्या चेटकिणीच्या कामाला एकही बाई तयार होईना. मावशी म्हणाली, "हे नाव मले फुकटात भेटलंच हाय, वापरून टाकू."

मी लिहिलं होतं, की थोरली सैतानाच्या पाया पडते. मावशीने साफ नकार दिला. "सैतान असो का त्याचा बाप, मी पाया पडनार नाही. त्याले तुरीची दाळ निवडाले बसवा." मी चिडले, भांडले आणि शेवटी तसंच लिहिलं. सैतान झालेला गावच्या दवाखान्यातला कंपाउंडर लाल कोटात घामाघूम होत सूप घेऊन डाळ निवडायला बसला.

चूक झाली ती माझी. शूटिंगसाठी चौफुलीवर मांडलेला उतारा मी उचलायला विसरले. दुपारच्या एसटीच्या ड्रायव्हरने तो पाहिला आणि प्रवाशांना तिथेच उतरवून गाडी मागे फिरवली. माणसं रणरणत्या उन्हात चालत गावात आली. त्यात शाळा समितीचे अध्यक्ष होते, नातवाला कडेवर घेऊन. संध्याकाळी पोराला ताप भरला. ऊन लागलं होतं, पण आळ मावशीवर आला. देवळापुढे सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर शाळेची चूल सोड, असं समितीने फर्मावलं. तिचं पोट त्याच चुलीवर होतं. दोष माझा आहे, असं मी दोनदा जाऊन सांगितलं. "तुमी मास्तरीनबाई, तुमाले कोन काय म्हनते?" म्हणून त्यांनी मलाच चहा पाजला.

मावशीने घरोघरी जाऊन आमंत्रण दिलं. "आधी पिच्चर पाहा, मंग सांगा कायची माफी." दिवेलागणीला तिच्याच घराच्या भिंतीवर आम्ही प्रोजेक्टर लावून सिनेमा दाखवला. अंगण भरलं. सैतान डाळ निवडता निवडता रडायला लागला, तेव्हा अध्यक्ष मांडीवर थापा मारून हसत होते. संपल्यावर ते नरमाईने म्हणाले, "मस्त झाला. आता माफीचं तेवढं उरकून टाक, अन् ये कामावर."

"हसाचं बी अन् माफी बी?" मावशी म्हणाली. "मंग चूल तुमीच पेटवा."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले आणि रडकुंडीला येऊन म्हटलं, एक शब्द तर बोलायचा आहे. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मी चेटूक केलं असं कबूल करू? शाळेतल्या पोरी पाहून राह्यल्या बाई." मला माझीच लाज वाटली. शाळा उघडली ती नव्या बाईच्या खिचडीवर. मावशी लोकांच्या शेतात तण निंदायला जाऊ लागली. तिची चूल माझ्यामुळे गेली, हे मला आजही सलतं.

पुढे माझी बदली वणीकडच्या एका गावात झाली. गेल्या वर्षी मावशी गेल्याचा फोन आला. त्याच आठवड्यात माझ्या वर्गातल्या मुलींनी अंगारा वाटणाऱ्या बाबाची नक्कल केली होती आणि कुणीतरी तक्रार केली होती. मुख्याध्यापकांनी टाइप केलेलं दिलगिरीचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. मी पेन उघडलं.

"सर, मुलींनी वाईट काय केलं, ते आधी सांगा," मी म्हटलं. पेन बंद केलं आणि सही न करताच कागद परत दिला.